प्रतीक्षा आणि रसविघ्न : 'बाजीराव मस्तानी'चे दोन प्रेक्षक

ऐतिहासिक प्रणयकथेच्या प्रेक्षकाला कथेचा शेवट नाट्यगृहात शिरण्यापूर्वीच ठाऊक असतो. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडीस बाजीरावाचा अंत झाला, हे सांगण्यासाठी कोणी चित्रपट काढीत नाही आणि हे जाणून घेण्यासाठी कोणी तिकीटही काढीत नाही. मग हा प्रेक्षक प्रतीक्षा करतो ती कशाची? पुढे काय होणार, या कुतूहलाची जागा त्याच्या मनात दुसऱ्याच एका अपेक्षेने घेतलेली असते. त्या व्यक्तींचे एक चित्र त्याच्यापाशी अगोदरच तयार असते आणि पडद्यावरचे चित्र त्याच्याशी जुळते की नाही, हे पडताळण्यासाठी तो आलेला असतो. ही पडताळणी रसास्वादाचा आरंभ मानावयाची की त्यातील अडथळा, हा साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. १८ डिसेंबर २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या संजय लीला भन्साळी यांच्या 'बाजीराव मस्तानी' या हिंदी चित्रपटाने तो पुन्हा उभा केला. पुण्यात एका रूपाने आणि बंगळुरात अगदी वेगळ्या रूपाने. मराठी समीक्षेने त्याकडे पुरेसे लक्ष दिले, असे मात्र म्हणवत नाही. काशीबाई नाचली असती की नाही, याचा निवाडा करण्यातच तिचा बराचसा वेळ खर्च झाला.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली दोन येथे विशेष उपयोगी आहेत. पहिले संभावनाविरहाचे. समोर चाललेले घडू शकते, असेच जर प्रेक्षकाला वाटले नाही तर त्याचे चित्त तेथे स्थिरावणार कसे? यावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय असा की, लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची असतील तर रामादी प्रख्यात नायकांची नावे घ्यावीत. त्यांच्याविषयीचा विश्वास लोकमानसात इतका खोल रुजलेला असतो की अशक्यप्राय गोष्टही शक्य वाटते. दुसरे विघ्न स्वगत-परगत भावाचे. हे सुखदुःख माझे आहे, किंवा हे त्या अमक्याचे आहे, अशा विशिष्ट देशकालाने जखडलेल्या जाणिवेच्या आहारी प्रेक्षक गेला की साधारणीकरण खुंटते. यावर उपाय म्हणून त्याने पूर्वरंग, प्रस्तावना आणि नटाचे स्वतःचे रूप झाकून टाकणारी मुकुटादी वेशभूषा यांचा निर्देश केला आहे.

अभिनवगुप्ताने ही विघ्ने एकापुढे एक मांडली आहेत. पण ऐतिहासिक कथावस्तूच्या बाबतीत त्यांचा परस्परसंबंध मोठा विलक्षण आहे. पहिल्या विघ्नावरचा उपाय हाच येथे दुसऱ्या विघ्नाचे कारण ठरतो. प्रख्यात नाव घेतल्याने संभावना वाढते हे खरे. परंतु ते नाव ज्यांना आपले वाटते त्यांच्या ठिकाणी स्वगतभावही तितकाच वाढतो. राम कोणा एका गावाचा नव्हता. बाजीरावाला वाडा आहे, वंशज आहेत, आणि त्याला आपला मानणारे एक अख्खे शहर आहे. त्याचे नाव उच्चारताच पुणेकर प्रेक्षकाची श्रद्धा जागी होते, आणि त्याच क्षणी त्याच्यातला मालकही जागा होतो.

चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी पुण्यात जे घडले ते या दृष्टीने पाहिले पाहिजे. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाची घोषणा प्रथम २००३ मध्ये, वेगळे नट घेऊन झाली होती. म्हणजे प्रतीक्षाच मुळी बारा वर्षांची. २०१५ च्या नोव्हेंबरात 'पिंगा' हे गाणे प्रसृत झाले आणि काशीबाई व मस्तानी एकत्र नाचताना दिसल्या. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. थोरल्या घरची कुलवधू अशी नाचणार नाही, शिवाय काशीबाईंना पायाचे दुखणे होते, असे आक्षेप आले. पाठोपाठ 'मल्हारी'मध्ये खुद्द पेशवा नाचताना दिसल्यावर रोष आणखी वाढला. प्रदर्शनाच्या दिवशी कोथरूडच्या एका चित्रपटगृहासमोर निदर्शने होऊन तेथील काही खेळ रद्द करावे लागले. निदर्शकांपुढे त्या वेळेपर्यंत होती ती काही मिनिटांची गाणी आणि काही क्षणांची दृश्ये. प्रतिक्रिया पूर्ण झाली होती. कृती अजून यावयाची होती.

जाहिरातीची ही दृश्ये आणि जुन्या रंगभूमीचा पूर्वरंग यांचा क्रम सारखाच, दोन्ही प्रयोगाआधी येतात. पण त्यांचे कार्य नेमके उलट आहे. नांदी आणि प्रस्तावना प्रेक्षकाला त्याच्या घरादारातून, दिवसभराच्या मानापमानांतून हळूहळू सोडवून रंगभूमीच्या अलौकिक प्रदेशात आणीत. सूत्रधार नटीशी बोले, तेव्हा हे नाटक आहे, ही गोष्ट प्रेक्षकाच्या मनात विनासायास ठसे. चित्रपटाची जाहिरात याच्या अगदी विरुद्ध दिशेने चालते. तुमचा बाजीराव, तुमची मस्तानी, तुमचा शनिवारवाडा, असे ती ज्याला त्याला सांगत सुटते, कारण तिला तिकिटे खपवावयाची असतात. ज्या स्वगतभावाला नाट्यशास्त्राने विघ्न म्हटले, तो ती हेतुतः चेतवते. आणि तो पेटल्यावर निर्मात्यांना चित्रपटाच्या आरंभी खुलाशाची पाटी लावावी लागते. ही पाटी म्हणजे पूर्वरंगाचा उरलेला एक केविलवाणा अवशेषच होय. दोन महिने चेतवलेली आग चार ओळींनी विझत नसते.

इतिहासाच्या विपर्यासाविषयी पुणेकरांना खरीखुरी चीड होती, एवढ्याने मात्र या रोषाची उपपत्ती लागत नाही. 'राऊ' १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही कल्पिताचा अंश उघड आहे. कादंबरीकाराने बाजीराव-मस्तानीच्या एकान्तात वाचकाला नेले आहे, आणि त्या एकान्ताचे दफ्तर कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाही. तरी मराठी घरांनी ती प्रेमाने वाचली, वारंवार वाचली. त्याच १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले आणि नाना फडणीस नाचताना पाहून त्याच शहरात वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबले. दोन कृतींचे हेतू अर्थातच वेगळे. तेंडुलकरांना नानाचे चरित्र सांगावयाचे नव्हते आणि इनामदारांना सत्तेचे विच्छेदन करावयाचे नव्हते. तथापि एक गोष्ट दोन्हींवरून ध्यानात येते. वाचक बाजीरावाला स्वतःच्या मनात पाहतो. त्याचा चेहरा, चाल, आवाज वाचकच पुरवीत असतो, आणि म्हणून वाचलेला बाजीराव वाचकाच्या मालकीला धक्का लावीत नाही. रंगमंचावर किंवा पडद्यावर तो परक्या देहाने येतो, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांच्या देखत येतो. आपल्या घरातील माणसाविषयीची गोष्ट माजघरात सांगणे वेगळे आणि चारचौघांत ती उघडी पडणे वेगळे. 'पिंगा'वरील आक्षेपांची भाषा इतिहासाची असली, तरी त्यामागची भीती माजघराची होती.

याची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर 'मुघल-ए-आझम'चे उदाहरण घ्यावे. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो प्रदर्शित झाला. चित्रपट बनण्यास दीड दशकाच्या आसपास काळ लागला होता; पहिल्या आराखड्यातील अकबर, म्हणजे चंद्रमोहन, मध्येच वारला होता; आणि शीशमहालातील गाणे रंगीत असल्याची वार्ता आधीच सर्वत्र पोहोचली होती. प्रतीक्षेची तीव्रता त्याही वेळी विलक्षण होती. पण अनारकलीला इतिहासाचा आधार किती, हा प्रश्न घेऊन मराठी प्रेक्षक दारात उभा राहिला नाही. इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकापासून ती दंतकथा नाट्यचित्रपटांतून फिरत होती. तिच्यावर कोणा मराठी घराचा हक्क नव्हता. राजपुत्राने एका नर्तकीसाठी तख्ताविरुद्ध बंड करावे, हे मुंबईच्या मराठी प्रेक्षकाने डोळ्यांत पाणी आणून पाहिले. कथेचा सांगाडा जवळजवळ तोच : पराक्रमी कुल, कुळाबाहेरची कलावती, आईबापांचा विरोध, बंदिवास. शनिवारवाड्यात तो हलला आणि प्रेक्षकाला तो पेलेना. दुसऱ्याच्या घरातील बंड सुंदर दिसते, असे म्हणून येथे थांबण्याचा मोह होतो. पण मग ज्या गावी बाजीराव कोणाच्याच घरचा नव्हता, तेथे तरी हा चित्रपट निर्विघ्नपणे पाहिला गेला का?

बंगळूर हे असे गाव आहे. निदान वरवर पाहता तसे वाटते. प्रत्यक्षात मराठ्यांचा या शहराशी संबंध पुण्यातील पेशवाईहून जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीच्या जहागिरीत आले. पुढे एकोजीच्या हातून जाऊन १६८७ च्या सुमारास, तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. बाजीरावाचा जन्म १७०० चा. म्हणजे शहाजी-एकोजींच्या मागोमाग कर्नाटकात उतरून तेथेच मुरलेल्या मराठी घराण्यांनी देश सोडला तेव्हा पेशवाईचा मागमूसही नव्हता. त्यांच्या पूर्वस्मृतीत बंगळूर आहे, तंजावर आहे, शनिवारवाडा नाही. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मिसळली आहे की नव्याने आलेल्या पुणेकराला ती पटकन ओळखू येऊ नये. (तमिळ पडद्याचा सम्राट रजनीकांत याच शहरातील मराठी कुटुंबात जन्मला, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरणार नाही; दक्षिणेत मराठीपण किती निराळ्या रूपांनी नांदते, हे त्यावरून कळावे.) विसाव्या शतकातील कारखान्यांच्या आणि नंतर संगणक-उद्योगाच्या ओढीने आलेला मराठी माणूस मात्र 'राऊ' वाचून आलेला असतो. एकाच भाषेचे हे दोन प्रेक्षक एकाच चित्रपटगृहात शेजारी बसले, तर एकाची प्रतीक्षा स्मृतीची आणि दुसऱ्याची जवळजवळ कुतूहलाची असणार.

कन्नड प्रेक्षकाचे तर प्रख्यात नायकच वेगळे. 'रणधीर कंठीरव' (१९६०), 'इम्मडि पुलिकेशी' (१९६७) आणि 'मयूर' (१९७५) या चित्रपटांतून राजकुमार यांनी त्याच्या इतिहासाला देह दिला आहे. पेशव्यांच्या फौजा त्याला ठाऊक आहेत त्या स्वाऱ्यांच्या रूपाने. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, ही त्यातली सर्वांत बोचरी आठवण. बाजीरावाच्या घोड्याची टाप ऐकून पुण्याच्या प्रेक्षकाचा ऊर भरून येतो, तसा त्याचा यावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. नायकाविषयीचा स्वगतभाव येथे नाही, आणि गाढ श्रद्धेतून येणारी संभावनाही येथे दुबळी. शास्त्राच्या हिशेबाने हा प्रेक्षक पहिल्या विघ्नाच्या तडाख्यात सापडावा.

पण बंगळूरने या चित्रपटाशी आपुलकीचे नाते जोडण्यासाठी दुसरीच वाट घेतली. मस्तानीची भूमिका करणारी दीपिका पदुकोण या शहरात वाढली. १९८० साली ऑल इंग्लंड अजिंक्यपद जिंकणाऱ्या प्रकाश पदुकोण यांची ती कन्या. घरची भाषा कोकणी, शहर कन्नड, चित्रपट हिंदी, कथा मराठी आणि भूमिका बुंदेलखंडातील राजकन्येची. पुण्याने जेथे मस्तानी पाहिली, तेथे बंगळूरला प्रथम दिसते ती आपली मुलगी. हे केवळ कल्पनेने म्हटलेले नाही. दोन वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरात, त्याच दिग्दर्शकाच्या 'पद्मावती'वरून हरियाणातील एका राजकीय पदाधिकाऱ्याने दीपिका व भन्साळी यांच्या शिरावर दहा कोटींचे इनाम लावले, तेव्हा कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ती आपल्या राज्याची कलावती असल्याचे सांगून तिच्या पाठीशी उभे राहण्याची जाहीर ग्वाही दिली. ग्वाही योग्य होती आणि आवश्यकही होती. तरीही समीक्षेच्या दृष्टीने तीत एक गोष्ट स्पष्ट होते : नगराने पात्राऐवजी नटीवर हक्क सांगितला. मुकुट घालून नटाचे रूप झाकावे, असे अभिनवगुप्ताने सांगितले ते याच विघ्नासाठी. चित्रपटाचा तारा हा असा नट आहे की, त्याचा मुकुट जितका झळाळेल तितका त्याचा स्वतःचा चेहरा अधिकच उजळून निघतो. पुण्याला बाजीराव झाकता आला नाही आणि बंगळूरला दीपिका झाकता आली नाही. विघ्न दोन्हीकडे एकच. पुण्यात त्याने क्रोधाचे रूप घेतले, बंगळुरात कौतुकाचे. कौतुकाने खेळ बंद पडत नाहीत, आणि हा काही लहान फरक नव्हे. पण रसाच्या दृष्टीने दोघेही प्रेक्षक अद्याप उंबऱ्यापाशीच आहेत.

उंबरा ओलांडून आत गेल्यावर काय दिसते? प्रथम हे दिसते की ज्यावर दगड उचलले गेले तो दोष खरोखरीच दोष होता. मात्र आक्षेपकांनी सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. 'पिंगा' चित्रपटात शोभत नाही ते पेशव्यांच्या स्त्रिया नाचत नसत म्हणून नव्हे. शरच्चंद्रांच्या 'देवदास'मध्ये पारो आणि चंद्रमुखी यांची गाठ पडत नाही. २००२ च्या चित्रपटात याच दिग्दर्शकाने त्यांना दुर्गापूजेत एकत्र नाचविले. तेराएक वर्षांनी काशी आणि मस्तानी यांच्यावर तोच प्रसंग ओढवला. दोन स्त्रियांमधील जो तिढा शब्दांनी, मौनांनी, घरातील उठण्याबसण्याने उकलावयास हवा होता, तो समान ताल आणि समान लुगडी देऊन मिटविला गेला. नृत्याची रचना कितीही रेखीव असली, तरी प्रसंग इतिहासातूनही आलेला नाही आणि या पात्रांतूनही आलेला नाही. तो दिग्दर्शकाच्या सवयीतून आला आहे. आईनामहालातील नृत्याचेही काहीसे असेच. तेथे मस्तानी ज्या आरशांत शतधा दिसते, ते आरसे शीशमहालाहून आणलेले आहेत, आणि प्रेक्षकाला १९६० ची आठवण व्हावी अशीच त्यांची मांडणी आहे. म्हणजे चित्रपटाचीही एक प्रतीक्षा आहे, आणि ती मुख्यतः जुन्या चित्रपटांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली आहे.

याहून मोठा दोष नायकाच्या रचनेत आहे. १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडणारा, हालचालीचा वेग हेच ज्याचे मुख्य शस्त्र होते असा सेनानी, चित्रपटात बोलण्यापुरता उरतो. लढाया आहेत, पण त्यांतून त्याची बुद्धी दिसत नाही, फक्त बाहू दिसतात. प्रेम करणारा हा पुरुष राज्याचा किती भार वाहत आहे, हेच जर प्रेक्षकाला जाणवले नाही, तर त्या प्रेमाची किंमतही जाणवणार नाही. शेवटी ज्वराच्या भ्रमात नदीच्या पाण्यात उभा राहून तो काल्पनिक स्वारांवर तलवार चालवितो आणि तिकडे साखळदंडांत मस्तानी प्राण सोडते. दृश्य भव्य आहे, आणि त्या भव्यतेतच करुण विरघळून जातो. पेशव्यांच्या बदनामीची चिंता करणाऱ्यांनी या ऱ्हासाविषयी चकार शब्द काढला नाही. पेशवा नाचला हे त्यांना खुपले; पेशव्याला विचार करावयास काही ठेवले नाही, हे खुपले नाही.

आणि चित्रपटाचे खरे सामर्थ्य जेथे आहे, तेथेही प्रतीक्षेने कोणाला नेले नव्हते. ते काशीबाईच्या ठिकाणी आहे. नाव बाजीराव-मस्तानीचे, जाहिरात त्यांची, आरसे त्यांचे. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना मनात रेंगाळते ती प्रियांका चोप्रा यांची काशी. दिवे मालविणारी, आणि अभिमान हिरावून घेतल्याबद्दल नवऱ्याला शांत आवाजात जाब विचारणारी ही स्त्री पुण्याची आहे की कोठली, याचा त्या क्षणी विसर पडतो. साधारणीकरण ते हेच. तिच्या जोडीला केशवपन केलेली, कडवटपणातही घराचा तोल सांभाळणारी तन्वी आझमी यांची राधाबाई. मराठी पडद्यावरील उषाकिरण यांच्या या कन्येला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीतून बोलत असतानाही तिच्या उच्चारात, वळून पाहण्यात, मराठी वाड्याची जी धग आहे ती कोट्यवधींच्या देखाव्यांना साधलेली नाही. काशीबाईचा अपमान झाला म्हणून ज्यांनी हाक घातली, त्यांनी चित्रपट पाहिला असता तर मराठी कुलस्त्रीला अलीकडच्या हिंदी पडद्यावर क्वचितच मिळालेली प्रतिष्ठा त्यांना तेथे दिसली असती. बंगळूरच्या प्रेक्षकाचेही तेच. तो आपल्या मुलीला पाहावयास गेला, आणि ज्याला चित्रपट खरोखर भेटला असेल त्याला तो दुसऱ्याच स्त्रीच्या द्वारे भेटला असला पाहिजे.

'पद्मावती'च्या बाबतीत हे सारे अधिक भयंकर रीतीने पुन्हा घडले. २०१७ च्या जानेवारीत जयपूरला चित्रीकरणाच्या जागी हल्ला झाला, मार्चमध्ये कोल्हापूरजवळ उभारलेला देखावा जाळण्यात आला, नाव बदलून 'पद्मावत' करावे लागले, चार राज्यांनी घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठविल्यावर २५ जानेवारी २०१८ रोजी चित्रपट आला. काही दिवसांतच विरोधकांपैकी एका गटाने चित्रपटात राजपुतांचा गौरवच असल्याचे सांगून विरोध मागे घेतला. चर्चेला खरोखर योग्य असा प्रश्न त्याच सुमारास, चित्रपट पाहून आलेल्यांनी उपस्थित केला : शेवटच्या जोहाराचे इतके उत्सवी, इतके मोहक चित्रण कलेला शोभते काय? बंगळूरच्या ज्या कन्येच्या रक्षणासाठी दोन महिन्यांपूर्वी राज्यकर्ते पुढे झाले होते, तीच त्या अग्नीकडे चालत जाते. तिच्या बाजूने निघालेल्या किंवा विरुद्ध निघालेल्या कोणत्याही निवेदनात या अग्नीचा विचार नव्हता. तो असणे शक्यही नव्हते, कारण निवेदने निघाली तेव्हा चित्रपट पडद्यावर आलेलाच नव्हता.